पन्नास सेंटांचे रहस्य

ग्रंथ ही कलाकृती मानावी की क्रयवस्तू, हा वाद जुना आहे. एडवर्ड स्ट्रेटमायर या अमेरिकन लेखक-व्यावसायिकाचा निर्णय मात्र निःसंदिग्ध होता. मुंबई-पुण्याच्या वाचनालयांतून इंग्रजी पुस्तके आणणाऱ्या कित्येक मुलांना हार्डी बंधू आणि नॅन्सी ड्रू ही नावे घरच्यासारखी वाटत आली. या दोन्ही रहस्यमालिका स्ट्रेटमायर यांच्या कल्पनेतून निघाल्या. पण मुखपृष्ठांवर त्यांचे नाव कधी आले नाही. तशी व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

१८६२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ येथे एका जर्मन स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यापार तंबाखूचा. दुकानात काम करता करता लिहिलेल्या गोष्टीबद्दल १८८९ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकाने त्यांना ७५ डॉलर दिले, आणि लेखणीवर पोट भरता येते हे त्यांच्या ध्यानी आले. १८९३ पासून ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या प्रकाशनसंस्थेत संपादन करताना त्यांनी स्वस्त कथांचा व्यापार जवळून पाहिला. पुढे होरेशियो ॲल्जर या लोकप्रिय बाललेखकाच्या १८९९ मधील निधनानंतर त्याच्या नावाने पुस्तके पुरी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. लेखक मरतो, पण खपणारे नाव मरत नाही, हा धडा त्यांना येथे मिळाला असावा.

त्या काळी मुलांचे बांधीव पुस्तक एक-सव्वा डॉलरला मिळे. म्हणजे ते वडीलधाऱ्यांनी निवडावे आणि मुलांनी निमूटपणे वाचावे, असाच व्यवहार होता. १९०६ च्या सुमारास स्ट्रेटमायर यांनी प्रकाशकांपुढे तसेच बांधीव पुस्तक पन्नास सेंटांत विकण्याची योजना मांडली. प्रत्येक प्रतीवरील नफा अल्प, पण खप प्रचंड, हे त्यामागील गणित. किंमत खाऊच्या पैशांच्या आवाक्यात येताच मूल स्वतःच ग्राहक झाले. पुस्तकनिवडीचा अधिकार पालकांकडून मुलांकडे गेला, ही सामाजिकदृष्ट्या लहान घटना नव्हे.

या किमतीत माल पुरवायचा तर उत्पादनाची पद्धतही बदलणे भाग होते. त्यासाठी १९०५ च्या सुमारास त्यांनी ‘स्ट्रेटमायर सिंडिकेट’ उभी केली. कथानकाचा आराखडा ते स्वतः करीत. करारावर नेमलेला लेखक काही आठवड्यांत त्याचे पुस्तक करी. मग स्ट्रेटमायर त्यावर संपादकीय हात फिरवीत. नव्या मालिकेची पहिली काही पुस्तके एकदम बाजारात येत, आणि एका पुस्तकात मागील-पुढील पुस्तकांची जाहिरात बेमालूम गुंफलेली असे. ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्यात पाहिलेली श्रमविभागणी येथे कथेला लागू झाली होती. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील मोटारीची सुप्रसिद्ध जुळणीसाखळी १९१३ मधील, म्हणजे यानंतरची.

या व्यवस्थेची किंमत लेखकांनी मोजली. त्यांना ठोक रक्कम मिळे. स्वामित्वधन नाही, नाव नाही, आणि गुपित फोडण्याची मुभाही नाही. फ्रँकलिन डिक्सन या नावामागे कॅनडाचे लेस्ली मॅकफार्लेन होते, तर कॅरोलिन कीन या नावामागे आयोवा विद्यापीठातून वृत्तपत्रविद्येची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तरुण मिल्ड्रेड वर्ट. नॅन्सीच्या पहिल्या पुस्तकाचे वर्ट यांना १२५ डॉलर मिळाले. पुढे मंदीच्या काळात हा दर ७५ वर आला. काम ठरलेले आणि पैसे रोख, हा लाभ खराच. पण खप लाखांनी वाढला तरी लेखकाच्या पदरात एक सेंटही अधिक पडत नसे.

टीकाकारांचा रोख मात्र वेगळा होता. बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये अशी पुस्तके मुलांची कल्पनाशक्ती उद्ध्वस्त करतात असा हल्ला चढविला, आणि अनेक ग्रंथालयांनी ही पुस्तके दाराबाहेर ठेवली. या मालिकांत अन्य वंशीयांची साचेबंद, अपमानकारक चित्रणे होती हेही खरे. १९५९ पासून जुन्या रहस्यकथा नव्याने लिहून घेताना ती काढावी लागली. परंतु ज्या मुलाच्या हाती एरवी पुस्तकच आले नसते, त्याचा विचार या टीकेत फारसा नव्हता.

प्रौढांत रहस्यकथांची चलती पाहून स्ट्रेटमायर यांनी १९२७ मध्ये हार्डी बंधू आणि २८ एप्रिल १९३० रोजी नॅन्सी ड्रू बाजारात आणली. स्वतःची मोटार चालविणारी, वडीलधाऱ्यांना मार्ग दाखविणारी ही सोळा वर्षांची मुलगी त्यांची सर्वांत दूरगामी निर्मिती ठरली. तिचे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. बाराच दिवसांनी, १० मे रोजी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. व्यवसाय दोघी मुलींनी पुढे चालविला. १९८४ मध्ये तो एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतला. त्याआधी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात प्रकाशकांच्या भांडणात मिल्ड्रेड वर्ट यांची साक्ष झाली आणि खरी लेखिका कोण, हे रहस्य जगापुढे उलगडले.

पुस्तक स्वस्त झाल्याखेरीज वाचन सार्वत्रिक होत नाही, हे स्ट्रेटमायर यांनी व्यवहारात सिद्ध केले आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण खप अफाट वाढल्यावरही लिहिणाऱ्याला त्यातला वाटा आणि स्वतःचे नाव नाकारणे, ही स्वस्ताईची अपरिहार्य अट नव्हती. हार्डी बंधूंच्या पहिल्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२३ रोजी संपला. आता ती कोणीही छापू शकतो. मॅकफार्लेन यांचे श्रेय मात्र त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आता कोणाकडेच उरलेला नाही.