वामनदादांच्या गाण्यातून वामनला वगळू नका

लोककवी वामनदादा कर्डक यांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले. त्याला दोन दशके उलटून गेली. आजही १४ एप्रिलला जळगाव-धुळ्यातील वस्त्यावस्त्यांतून त्यांची गाणी घुमतात. पण गाणे ज्याचे, त्याचे नाव किती जणांच्या तोंडी येते? म्हणूनच हे चरित्र नव्या पिढीला पुन्हा सांगणे भाग आहे.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. १५ ऑगस्ट १९२२ हा त्यांचा जन्मदिवस. आईचे नाव सईबाई, वडिलांचे तबाजी. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा पोटासाठी मुंबईला आला, गिरणीत राबला, शिवडीच्या चाळीत राहिला. तिथे एकाने त्यांच्यापुढे पत्र वाचायला धरले. वामनदादांना अक्षर येत नव्हते. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग देहलवी मास्तरांकडून ते बाराखडी शिकले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे पहिले पाठ्यपुस्तक! समता सैनिक दलाने त्यांना शिस्त दिली, तर बाबासाहेबांनी जगण्याला दिशा दिली.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. त्यानंतर लेखणी थांबली नाही. 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटातही त्यांचे गीत आले. पण ते चित्रपटसृष्टीत रमले नाहीत. खेड्यापाड्यांत, कंदिलाच्या उजेडात, मिळेल त्या बिदागीवर ते गात राहिले. संसाराने त्यांना सुख दिले नाही. लेक मीरा अकाली गेली. पण स्वतःचे दुःख गात बसण्यापेक्षा समाजाचे दुःख त्यांनी मांडले. टाटा-बिर्लांच्या संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कुठे आहे, हा त्यांचा सवाल आर्थिक विषमतेच्या मुळावर घाव घालणारा होता. बाबासाहेबांचे नाव घेऊन गटबाजी करणाऱ्या पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही.

'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह. उतारवयात, १९९६ साली, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. आयुष्यभर समाजासाठी गाणाऱ्याने तेव्हा कुठे स्वतःकडे वळून पाहिले! त्या पुस्तकाच्या नावातही गाणेच आहे, कारण त्यांचे जगणे आणि गाणे वेगळे नव्हतेच.

खानदेशाचे या परंपरेशी जवळचे नाते आहे. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या न्यायालयात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. तिथे दरवर्षी ३१ जुलैला भीमसैनिक जमतात, भीमगीते गातात. वामनदादांचे शिष्य, मुक्ताईनगरचे दिवंगत कवी प्रतापसिंग बोदडे याच मातीतले. एका गुरूची ठिणगी कुठवर पोहोचते, याचा हा पुरावा!

आता कायद्याचे बोलू. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे रचनेचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कवीचा स्वतंत्र हक्क आहे. गाण्याचे हक्क विकले तरी तो संपत नाही. वामनदादा अनेक गीतांच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा घालत. कॅसेटवाल्यांनी, डीजेवाल्यांनी शेवटचे कडवे गाळले की कवीचे नावही गळते. प्रस्थापितांनी आपला इतिहास पुसला, असे आपण रास्तपणे म्हणतो. मग आपल्याच मंडपात आपल्याच कवीचे नाव पुसले जाते, त्याचा जाब कोणी कुणाला विचारायचा?

यासाठी कोर्टाची पायरी चढण्याची गरज नाही. प्रत्येक जयंती मंडळाने एवढेच ठरवावे की, गाण्याआधी कवीचे नाव पुकारले जाईल आणि शेवटचे कडवे गाळले जाणार नाही. ज्याने दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर कमावले, त्याचे नाव आपल्या फलकावर आणि आपल्या ओठांवर असलेच पाहिजे. जयभीम!