शिकविण्यापूर्वी शिकणाऱ्या सावित्रीबाई फुले

सावित्रीबाई फुले हे नाव ठाऊक नाही असे गाव परभणी जिल्ह्यात क्वचितच असेल. ३ जानेवारीस शाळाशाळांतून त्यांची जयंती होते. परंतु त्या शिक्षिका कशा झाल्या, हे थोडेच लोक सांगू शकतात. आमच्या मंडळ्यांतील जे उपदेशक व बंधुभगिनी प्रौढांस अक्षरे शिकवितात, त्यांस हीच गोष्ट अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी विवाह होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा त्यांस लिहितावाचता येत नव्हते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. त्यांनी पत्नीस घरीच शिकविण्यास आरंभ केला. पुढे सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या मित्रांनी तो अभ्यास पुढे नेला.

स्वतःस वाचता येणे निराळे आणि दुसऱ्यास वाचावयास शिकविणे निराळे. म्हणून त्यांनी शिक्षकाच्या कामाचेही शिक्षण घेतले. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८२७ साली मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे मुलींस शिकवीत राहिल्या. त्यांच्या हाताखाली, आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या शिक्षकशाळेत, सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले.

१८४८ साली पुण्यास भिडे यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढिली. तेथे शिकवावयास जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण व दगड फेकीत. म्हणून त्या बदलावयास दुसरे लुगडे जवळ ठेवीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. १८४९ साली पतिपत्नीस सासऱ्यांचे घर सोडावे लागले, तरी काम सुटले नाही. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. शिक्षिकेच्या श्रमाची याहून चांगली साक्ष ती कोणती?

त्याच साली या दोघांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढिली. दिवसभर राबलेला मनुष्य रात्री पाटीपुढे बसतो, तेव्हा त्याचे डोळे जड झालेले असतात आणि आपल्याहून लहानाकडून शिकण्याची लाज मनात असते. त्यास लेकराप्रमाणे दटावून चालत नाही. पीक, मजुरी, बाजार, देवाचे वचन, जे त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे, तेथूनच त्याचा धडा सुरू झाला पाहिजे.

१८९७ साली पुण्यास प्लेगची साथ आली. रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाईंस तोच रोग जडला व १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांस आपल्यातील म्हणून मिरविण्याचा आम्हांस अधिकार नाही; त्यांच्यापासून शिकण्याचा मात्र आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे सरकारदरबारी व वरच्या शिक्षणात उर्दूचे प्राबल्य असल्यामुळे मराठी शिक्षण मागे पडले. आजही आपल्या मंडळ्यांत अशी वडील माणसे आहेत की, ज्यांस शुभवर्तमान ऐकता येते, परंतु स्वतः वाचता येत नाही. त्यांस शिकविणारे बहुधा विनावेतन व विनाशिक्षण काम करितात. मनात प्रेम आहे, परंतु रीत ठाऊक नाही. मग चार दिवसांत वर्ग ओस पडतो आणि दोष म्हाताऱ्यांच्या बुद्धीवर येतो.

अपुल्लोस मोठा वक्ता व शास्त्रात प्रवीण होता. तरी तंबू करणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी बसून तो अधिक शिकला, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचितो. तेव्हा बंधूंनो, जवळच्या चारपाच गावांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. एकाने सर्वांसमोर धडा द्यावा, इतरांनी प्रेमाने उणीव दाखवावी, आणि कोणाचा विद्यार्थी का सुटला याचा शोध करावा. जुन्या, अनुभवी शिक्षकासही तेथे शिकावयास बसण्याचा कमीपणा वाटू नये. तशी नम्रता प्रभू आम्हां सर्वांस देवो.