हरवलेल्या वाद्याचा कारागीर : आर्नोल्ड डॉलमेच

सतराव्या शतकात युरोपच्या राजदरबारांत ल्यूट या तंतुवाद्याला मोठा मान होता. पुढे ड्रेस्डेनचा दरबारी वादक वाइस याने तिच्यासाठी शेकडो रचना लिहिल्या. बाखनेही काही लिहिल्या. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस पियानोचे राज्य आले आणि ल्यूट मैफलीतून उठून संग्रहालयाच्या काचेआड जाऊन बसली. तिथून तिला पुन्हा माणसाच्या मांडीवर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने आर्नोल्ड डॉलमेच यांचे.

त्यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८५८ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे झाला. घराणे वाद्ये बनविणाऱ्यांचे. वडिलांच्या पियानोच्या कारखान्यातच त्यांचा हात लाकडावर बसला. ब्रुसेल्सला आणि नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ते व्हायोलिन शिकले, डलविच येथे शिक्षकही झाले. ग्रंथालयांत धूळ खात पडलेली जुनी हस्तलिखिते त्यांच्या हाती आली आणि आयुष्याची दिशाच बदलली. हे संगीत ज्या वाद्यांसाठी लिहिले होते ती वाद्येच उरली नव्हती. आधुनिक वाद्यांवर ते वाजवावे, असे इतरांना वाटे. डॉलमेच यांना ते पटेना. त्यांनी हातात रंधा घेतला, आणि १८९३ साली त्यांची पहिली ल्यूट तयार झाली.

हे काम किती नाजूक आहे, याची कल्पना वाचकांना यावी म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा निसर्ग घडवून देतो. ल्यूटचा भोपळा मात्र साच्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, काठाला काठ भिडवून, सरसाने जोडावा लागतो. वरची स्प्रूसची तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. ती तारांच्या ताणाने बसू नये म्हणून आतून आडव्या पट्ट्या द्यायच्या. पट्ट्या जाड झाल्या तर नाद कोंडतो, पातळ झाल्या तर तबली खचते. तारा तांतीच्या, मानेवरचे पडदेही तांतीचेच, गाठ मारून बांधलेले. अठराव्या शतकातील बरोक ल्यूटला तर अशा चोवीस तारा असत. शिवाय नमुना पाहावा तर तोही मूळचा राहिलेला नसे; सोळाव्या शतकातील कित्येक ल्यूटना पुढच्या पिढ्यांनी नवी मान बसवून जास्त तारा चढविल्या होत्या.

विल्यम मॉरिस आणि बर्नार्ड शॉ हे त्यांचे चाहते. १८९६ मध्ये मॉरिस मृत्युशय्येवर असताना डॉलमेच यांनी त्यांना जुने संगीत ऐकविले. १९०४ साली जेम्स जॉइसला गाणी म्हणत इंग्लंडभर हिंडण्याची लहर आली. त्याने डॉलमेचना ल्यूटसाठी पत्र घातले. ल्यूट काही त्याला मिळाली नाही!

कीर्ती झाली तरी पैशाची ओढाताण सुटली नाही. १९०५ मध्ये बोस्टनच्या चिकरिंग या पियानो कंपनीत आणि १९११ मध्ये पॅरिसच्या गाव्हो कंपनीत ते जुन्या धर्तीची वाद्ये बनवू लागले. धनी बदलले, काम तेच राहिले. १९१५ मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीताच्या वादनपद्धतीवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पहिल्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांमुळे लंडन सोडून १९१७ साली ते सहकुटुंब हॅसलमिअर या गावी गेले. घर म्हणजेच कारखाना, आणि मुले म्हणजेच वादकसंच. तेथे १९२५ मध्ये त्यांनी जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला.

त्यांचा स्वभाव हट्टी होता. तज्ज्ञांशी त्यांचे फारसे जमले नाही. पोथी वाचणारा विद्वान आणि लाकूड तासणारा सुतार एकाच माणसात नांदतात, हे पुष्कळांना मानवले नसावे, असे मला वाटते. फ्रान्सने १९३८ मध्ये त्यांचा सन्मान केला, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. २८ फेब्रुवारी १९४० रोजी हॅसलमिअर येथे त्यांचे निधन झाले.

पुढच्या पिढीतील कारागिरांनी संग्रहालयातील ल्यूटची बारकाईने मापे घेऊन जुन्या वाद्यांच्या आणखी जवळ जाणाऱ्या, हलक्या ल्यूट घडविल्या. डॉलमेच यांच्याकडे शिकलेल्या डायना पोल्टन यांनी १९५६ मध्ये इंग्लंडात ल्यूट सोसायटी स्थापन करण्यात पुढाकार घेतला.