विल्यम केरी : हुगळीकाठचा मराठीचा उपासक

समुद्रावरून हुगळी नदीत शिरून कलकत्त्याकडे जाणारे प्रत्येक गलबत बजबजवरून पुढे सरकते. नोव्हेंबर १७९३ मध्ये याच जलमार्गाने विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी बायकामुलांसह कलकत्त्यास पोहोचले. १७६१ साली विणकराच्या घरी जन्मलेल्या केरींनी जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या होत्या. प्रत्येकाला प्रभूचे वचन स्वतःच्या मातृभाषेत मिळावे, हा त्यांचा ध्यास होता.

या ध्यासाची किंमत मोठी होती. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला. त्या आघाताने डॉरथीबाईंचे मन ढळले, ते १८०७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत सावरले नाही. पतीच्या व्रताचा सर्वांत जड भार या माउलीने वाहिला, हे केरींचे गुणगान करताना विसरून चालणार नाही.

१८०० मध्ये केरी श्रीरामपुरास स्थिरावले. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृतबरोबर ते मराठीही शिकवू लागले. महाराष्ट्र शेकडो कोस दूर. पण वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मोडी टाइपांतील मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. शिकवणारा स्वतः विद्यार्थी झाला, म्हणूनच हे साधले.

११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, टाइप आणि वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेली हस्तलिखिते भस्मसात झाली. केरींनी हे ईश्वरेच्छा म्हणून स्वीकारले, पण हात जोडून ते स्वस्थ बसले नाहीत. वितळलेल्या शिशातून नवे टाइप ओतले गेले आणि जळालेले काम त्यांनी पुन्हा आरंभिले.

केरींची मराठी निर्दोष नव्हती. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा अधिक समृद्ध कोश आला आणि केरींचा कोश मागे पडला. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांनी देह ठेवला. त्यांची श्रद्धा प्रार्थनेइतकीच रोजच्या अभ्यासातही प्रकटली. मातृभाषेतून धुळाक्षरे गिरवणाऱ्या प्रत्येक पिढीने या परभाषिक विद्यार्थ्याचे आणि त्याला शिकवणाऱ्या वैजनाथ पंडितांचे कृतज्ञ स्मरण ठेवावे.