न्यायमूर्ती रानडे आणि प्रवेश परीक्षेचा उतारा

बारावीच्या गुणपत्रिकेवर महाविद्यालयाचे दार उघडावे, ही अनेक दशकांची रीत आता मागे पडत चालली आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी २०१६ पासून, केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून आणि राज्यातील व्यवस्थापन व संगणक विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाल्या. यांपैकी बहुतेक परीक्षांत इंग्रजीचा उतारा आणि इंग्रजीचे व्याकरण उमेदवाराच्या वाटेत उभे असते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील मराठी शाळांतून आलेली कितीतरी बुद्धिमान मुले गणितात अडत नाहीत, तर्कात अडत नाहीत, पण त्या उताऱ्यापाशी अडतात. मग कोणी वीस दिवसांच्या वर्गाची जाहिरात दाखवितो, तर कोणी इंग्रजीच हद्दपार करावे असे सुचवितो. या दोन्ही सल्ल्यांचा विचार करण्यापूर्वी, मुंबई विद्यापीठाची पहिलीच प्रवेश परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र डोळ्यांपुढे आणणे उपयुक्त ठरेल.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. वडील सरकारी कारकुनीतून पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. हा मुलगा लहानपणी इतका अबोल आणि संथ होता, की याचे पुढे कसे होणार याची घरच्यांना चिंता वाटे. बोलण्यात चमक नाही, हालचालीत चपळाई नाही. आजच्या वेगाच्या कसोटीला लावले असते तर पहिल्याच फेरीत बाद ठरावा असा हा विद्यार्थी. कोल्हापुरात आधी मराठी शाळा झाली, मग इंग्रजी शाळा. मातृभाषेत अक्षर, हिशेब आणि विचार पक्के झाल्यावर इंग्रजी आले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१८५६ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. हे विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्याचे काम होते. त्याच्या दारावरची पहिली परीक्षा म्हणजे मॅट्रिक्युलेशन. आपण पुढे ज्या मॅट्रिकला शाळेची अखेर मानू लागलो, ती मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. १८५९ मध्ये ती प्रथमच घेण्यात आली आणि उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत अवघे चार पदवीधर होते: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनी इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेऊन सन्मानपूर्वक पदवी मिळविली. १८६४ मध्ये ते एम.ए. झाले आणि पुढे कायद्याची पदवीही त्यांनी संपादन केली.

या यशामागे काय होते? मार्गदर्शिका नव्हत्या, संभाव्य प्रश्नांचे संच नव्हते. होते ते वाचन, आणि तेही अफाट. इतिहास, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांवरचे इंग्रजी ग्रंथ त्यांनी असे वाचले, की त्या श्रमाने डोळ्यांचा मोठा विकार जडला आणि कित्येक महिने डोळ्यांवर पट्टी बांधून काढावे लागले. दृष्टी पुढे आयुष्यभर अधू राहिली. इतरांकडून वाचून घेणे हा नित्यक्रम झाला. व्याकरणाचे नियम त्यांना येत नसत असे नव्हे. पण नियम आधी आणि भाषा नंतर, असा त्यांचा क्रम नव्हता. हजारो वाक्ये कानाखालून आणि डोळ्यांखालून गेली म्हणजे नियम आपोआप ओळखीचा होतो, हे त्यांच्या शिक्षणाचे मर्म आहे.

वाचलेले समजले याची खूण काय, याचे उत्तरही त्यांच्या विद्यार्थिदशेतच सापडते. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याचे दोष दाखविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानड्यांवर लोभ होता, तरीही या निबंधाबद्दल त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदविली आहे. इंग्रजी ग्रंथ वाचून इंग्रजीतच इंग्रजांच्या राज्याची चिकित्सा करणारा हा विद्यार्थी उताऱ्याच्या पलीकडे पोहोचला होता.

१८७१ च्या अखेरीस रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. त्यापूर्वी एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी आणि इतिहास हे विषय शिकविले होते. पुण्यात सार्वजनिक सभेच्या कामात ते शिरले आणि सभेच्या त्रैमासिकातील कितीतरी लेख त्यांनी लिहिले. १८७३ मध्ये रमाबाईंशी विवाह झाल्यावर त्यांनी आपल्या लहानग्या पत्नीला घरीच आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. येथेही क्रम तोच. मे १८७८ मध्ये लोकहितवादींसह त्यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलाविले. आजच्या साहित्य संमेलनाची परंपरा तेथून मोजली जाते. इंग्रजीवर असे प्रभुत्व असलेल्या गृहस्थाला मराठीची लाज वाटत नव्हती, हे मुद्दाम सांगावयास हवे.

रानड्यांच्या आयुष्याचा आपल्या भागाशी जो धागा जुळतो, तो मात्र दुःखाचा आहे. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. या दंग्यांत माणसे मारण्याकडे जमावाचा कल नव्हता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा मुख्य उद्देश होता. ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, आणि न्यायालय मात्र तोच कागद पुरावा म्हणून मानीत होते. न वाचता आलेला मजकूर माणसाची जमीन नेऊ शकतो, हे सुप्याच्या बाजाराने सरकारला शिकविले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत आणि न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, अशी तजवीज त्यात होती. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून रानडे यांनी १८८७ ते १८९३ पर्यंत काम केले. गावोगावच्या न्यायालयांची तपासणी करताना शब्द आणि वास्तव यांतील अंतर त्यांनी रोज पाहिले असणार.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्यांच्याविषयी विशेष ममत्व वाटावे, याचे कारण मात्र १८९२ चे आहे. त्या वर्षी डेक्कन महाविद्यालयात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धान्त कोणत्या गृहीतकांवर उभे आहेत हे उलगडून, ती गृहीतके हिंदुस्थानात लागू पडत नाहीत, असे त्यांनी प्रतिपादन केले. खुल्या व्यापाराचे सूत्र सर्व देशांना सर्वकाळ सारखेच हितकारक असते, हे त्यांनी मानले नाही. हे विवेचन पुढे १८९८ च्या त्यांच्या निबंधसंग्रहात आले. मिल आणि रिकार्डो यांचे शब्द पाठ असणारे अनेक होते. ते शब्द कोणत्या भूमीवरचे आहेत हा प्रश्न रानड्यांनी विचारला.

या प्रश्नाचे महत्त्व इंदापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १८३० च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा आधार घेऊन पुणे जिल्ह्यात जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्यावर सारा बसविला. सिद्धान्त ग्रंथात निर्दोष होता. पण मोजणी सदोष होती, आकारणी जड होती आणि पाऊस बेभरवशाचा होता. शेते ओस पडली, माणसे गाव सोडून गेली. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासूनच नवी मोजणी सुरू केली आणि सारा उतरविला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा होती त्यांनाही आपल्याच भाषेतला ग्रंथ येथील मातीवर ठेवून वाचता आला नाही, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

१८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी एक काम चिकाटीने केले: विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून दूर झालेल्या देशी भाषांना तेथे पुन्हा स्थान मिळवून देण्याचे. मराठी वाङ्मयाची वाढ कशी झाली याचा आढावा त्यांनी इंग्रजीत लिहिला, तो इंग्रजी जाणणाऱ्या विद्वानांना हे पटावे म्हणून. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला, त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या खटपटीकडे जाते.

या चरित्रातून आजच्या उमेदवाराने आणि त्याच्या शिक्षकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी, की मराठी आणि इंग्रजी यांत शत्रुत्व मानण्याचे कारण नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येते. मराठीत उपपद नाही, इंग्रजीत त्यावाचून नाम अर्धवट वाटते. ‘अनलेस’ या शब्दातच नकार दडलेला असतो, म्हणून ‘जर नाही तर’ असा विचार करणारा मुलगा आणखी एक नकार घालून वाक्याचा अर्थ उलटा करतो. या चुका बुद्धिमांद्याच्या नव्हेत, त्या मातृभाषेच्या सवयीच्या आहेत. दोन्ही भाषा शेजारी ठेवून त्या वर्गात उलगडून दाखविल्या, तर महिनाभरात सुधारतात. मराठीला वर्गाबाहेर ठेवून शिकविले, तर वर्षानुवर्षे तशाच राहतात.

दुसरी गोष्ट वाचनाची. उतारा समजणे म्हणजे अवघड शब्दांचे अर्थ ठाऊक असणे नव्हे. लेखक काय सिद्ध करीत आहे, कशाच्या आधारावर करीत आहे आणि कोणते म्हणणे त्याचे नसून दुसऱ्याचे आहे, हे ओळखणे म्हणजे उतारा समजणे. ही शक्ती चार पर्यायांच्या प्रश्नसंचातून येत नाही. अकरावीपासून दररोज पानभर इंग्रजी वाचावे आणि त्याचा सारांश चार मराठी वाक्यांत लिहावा, एवढा साधा नेम दोन वर्षे पाळला तर बहुतेक उमेदवारांचा उताऱ्याचा धसका जाईल. त्यासाठी महाविद्यालयांची ग्रंथालये सायंकाळी उघडी हवीत आणि अध्यापकांच्या वेळापत्रकात या कामासाठी तास हवेत.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राची आहे. प्रवेश परीक्षा सर्वांना सारखी असते. तयारीची किंमत सारखी नसते. नीरा डाव्या कालव्याच्या उसावर ज्याचे घर चालते तो पुण्याच्या शिकवणीचे शुल्क देऊ शकतो. जिरायती पट्ट्यातील मेंढपाळाची किंवा शेतमजुराची मुलगी देऊ शकत नाही. जे शिक्षण शाळा-महाविद्यालयाच्या वर्गात मिळावयास हवे ते बाजारात विकत घ्यावे लागले, तर परीक्षा गुणवत्तेची न राहता ऐपतीची होते. म्हणून प्रत्येक तालुक्यात अनुदानित महाविद्यालयांनी विनाशुल्क वाचनवर्ग चालवावेत आणि विद्यापीठाने त्यांस मान्यता व निधी द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. उतारे निवडणाऱ्यांनीही खेड्यातील मुलाला सर्वस्वी परके असलेले विषय टाळावेत. परीक्षा भाषेची असावी, राहणीमानाची नसावी.

सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता न आलेल्या कागदाने कर्जाच्या खाईत लोटले. त्याच्या पाचव्या-सहाव्या पिढीपुढे आज दुसरा कागद आहे, आणि तोही परक्या भाषेतला आहे. तो जाळून प्रश्न सुटणार नाही. निफाडच्या त्या अबोल मुलाने केले तसे तो वाचणे, समजून घेणे आणि पटला नाही तर त्याच भाषेत त्याला उत्तर देणे, हाच मार्ग आहे. तेवढी तयारी आपल्या मुलांना त्यांच्याच गावात मिळेल याची व्यवस्था करणे, हे शासनाचे, विद्यापीठाचे आणि आम्हा अध्यापकांचे कर्तव्य आहे.