पांढरा हरणार की डाव बरोबरीत? ४ मोहऱ्यांचा पेच मांडणारा रिचर्ड रेटी कोण होता?

मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना डाव हातातून गेला असं वाटलं की आपण सरळ ‘रिझाइन’ दाबतो. हॉस्टेलमध्ये असताना मीही असे कितीतरी डाव सोडलेत. त्यातले किती खरंच हरलेले होते, देव जाणे. घरात पट असेल तर ही स्थिती मांडून पाहा.

पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची.

पेच नेमका काय?

काळ्या प्याद्याला वजीर व्हायला ४ चाली पुरतात. त्याला पकडण्याच्या शर्यतीत पांढरा राजा २ चालींनी मागे आहे. इकडे काळा राजा २ चालींत पांढरं प्यादं खाऊ शकतो. प्यादं लगेच पुढे ढकललं, तर तो बी७ वर येऊन वाट अडवतो. म्हणजे पांढरा हरला? नाही. अचूक खेळला तर डाव बरोबरीत सुटतो. १९२१ मध्ये हा पेच प्रसिद्ध झाला आणि जगभरातल्या बुद्धिबळ वर्गांत तो आजही शिकवला जातो.

कोण होता रेटी?

रेटीचा जन्म २८ मे १८८९ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या, आज स्लोव्हाकियात असलेल्या पेझिनोक इथे झाला. वडील लष्करी सेवेत डॉक्टर, भाऊ रुडॉल्फ पुढे नावाजलेला संगीतकार. रिचर्ड गणित शिकायला व्हिएन्नाला गेला आणि बुद्धिबळात रमला. सुरुवात मात्र वाईट झाली. १९०८ च्या व्हिएन्ना स्पर्धेत त्याला एकही डाव जिंकता आला नाही, तो शेवटचा आला.

१६ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये याच रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. कापाब्लांका त्याआधी ८ वर्षं एकही डाव हरला नव्हता! रेटीने सुरुवातीला मधली प्यादी पुढे न ढकलता घोडा एफ३ वर आणला. ही सुरुवात आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१९२५ मध्ये साओ पाउलोत तो पट न पाहता एकाच वेळी २९ जणांशी खेळला. २१ डाव जिंकले, ६ बरोबरीत, फक्त २ हरला. तेव्हा हा विश्वविक्रम होता. निघताना तो आपली बॅग मात्र तिथेच विसरला, असं सांगतात.

उत्तर काय?

राजा जी७. म्हणजे तिरकी चाल.

होम मैदानाच्या एका कडेने चालत गेलात तर अंतर कमी पडतं, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं गेलात तर जास्त. पटावर राजाला हा नियम लागू नाही. कडेने जा किंवा तिरकं जा, टोकापासून टोकापर्यंत ७ च चाली. इंजिनिअरिंगला घोटलेला पायथागोरस इथे कामाचा नाही. म्हणूनच पांढरा राजा तिरका चालत काळ्या प्याद्याजवळही जातो आणि स्वतःच्या प्याद्याजवळही.

काळं प्यादं एच४ वर येतं, पांढरा राजा एफ६ वर. आता काळ्यापुढे दोन वाटा. प्यादं तसंच पळवलं (एच३), तर पांढरा राजा ई७ वर जातो आणि आपल्या प्याद्याला हात देतो. दोघांचेही वजीर होतात, बरोबरी. काळा राजा बी६ वर येऊन पांढऱ्या प्याद्यावर टपला, तर पांढरा राजा ई५ वर. आता काळ्याने ते प्यादं खाल्लं, की पांढरा राजा एफ४ वर येऊन काळ्या प्याद्याला गाठतो. नाही खाल्लं, तर तो डी६ वर जाऊन आपलं प्यादं वजिरापर्यंत नेतो. सगळी गंमत या ई५ च्या घरात आहे. तिथून दोन्ही कामं होतात, आणि काळ्याला दोन्ही एकदम थांबवता येत नाहीत.

असे पेच पुस्तकात मांडण्याची हौस आपल्याकडेही जुनी. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या अशाच संस्कृत संग्रहाचं इंग्रजी भाषांतर १८१४ मध्येच मुंबईत छापलं गेलं होतं.

रेटीला आयुष्य फार मिळालं नाही. चाळिशी ओलांडून जेमतेम ९ दिवस झाले होते. ६ जून १९२९ रोजी प्रागमध्ये स्कार्लेट फीव्हरने तो गेला. मोठ्या खेळाडूंच्या डावांवरचं त्याचं पुस्तक तेव्हा हातावेगळं झालं नव्हतं. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं.