गॉटफ्रिड हुपर्ट्झ

गॉटफ्रिड हुपर्ट्झ (११ मार्च १८८७ – ७ फेब्रुवारी १९३७) हे जर्मन संगीतकार, गायक व अभिनेते होते. फ्रिट्झ लँग दिग्दर्शित 'मेट्रोपोलिस' (१९२७) या विज्ञानकथेवरील मूकपटाच्या संगीतासाठी ते विशेष ओळखले जातात.

हुपर्ट्झ यांचा जन्म कोलोन येथे झाला. 'मेट्रोपोलिस'पूर्वी त्यांनी लँग यांच्या 'डी निबेलुंगेन' (१९२४) या चित्रपटाला संगीत दिले होते. 'मेट्रोपोलिस'चे संगीत दृश्यांच्या जोडीनेच आखले गेले. नटांना लय सापडावी म्हणून चित्रीकरणाच्या वेळी हुपर्ट्झ पियानो वाजवीत. प्रमुख पात्रे व यंत्रे यांना त्यांनी स्वतंत्र सुरावटी दिल्या. मृत्यूच्या दृश्यांत 'डिएस इरे' या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राचे, तर कामगारांच्या उठावात फ्रान्सच्या राष्ट्रगीताचे सूर त्यांनी योजले.

बर्लिनमधील पहिल्या प्रदर्शनानंतर (१० जानेवारी १९२७) चित्रपटाची मोठी काटछाट झाली व संगीताचा दृश्यांशी असलेला मेळ तुटला. हुपर्ट्झ यांचे निधन बर्लिन येथे झाले. त्यांच्या स्वरलिपीत मात्र दृश्यांशी ताळमेळ राखण्यासाठी केलेल्या हजाराहून अधिक खुणा शिल्लक होत्या. २००८ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे चित्रपटाची अधिक लांबीची प्रत सापडली, तेव्हा दृश्यांचा मूळ क्रम निश्चित करताना या खुणांचा आधार घेण्यात आला. २०१० मध्ये हा चित्रपट त्यांच्याच संगीतासह बर्लिनमध्ये पुन्हा दाखवण्यात आला.